पेजेनं बसवलेला भोवरा

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल, पौष महिना, दोन घोंगड्या घेतल्या तरी हुडहुडी जात नव्हती अशी थंडी. त्या वर्षीच्या म्हशाच्या जत्रेत मी विकला गेलो.

मी खरारा बोलतोय. कंगवा नव्हे. कंगवा खिशात राहतो आणि माणूस बसला की मोडतो. मला मुरबाडच्या लोहारानं पत्र्यातून घडवलं. आडव्या दातेरी पट्ट्या, मागे लाकडी मूठ. जनावराच्या अंगावरचा वाळका चिखल आणि गळालेले केस काढणं हे माझं काम. शाळा मला ठाऊक नाही. केस ठाऊक आहेत.

मला घेतलं किन्हवलीच्या वाल्मिकनं. हौस म्हणून नव्हे, अडचण म्हणून. त्याचा चांद्या नावाचा बैल दोन दिवस जत्रेत उभा होता आणि गिऱ्हाईक लागत नव्हतं. चांद्या कामाला वाघ. पण वशिंडाच्या मागे, पाठीवर, त्याच्या केसांचा भोवरा होता आणि तोही उलटा. असा बैल धन्याला बुडवतो म्हणतात. गिऱ्हाईक यायचं, दात बघायचं, खूर बघायचं, पाठीवरून हात फिरवायचं आणि पुढच्या बैलाकडे जायचं. नांगर कसा ओढतो हे कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी वाल्मिकनं बायकोनं बांधून दिलेली घट्ट पेज अर्धी खाल्ली. उरलेली चांद्याच्या पाठीला चोळली. मग मला उचललं. मी भोवऱ्याचे केस ओढून सरळ केले. ऊन लागलं, पेज वाळली, पाठ चकाकली. शेजारचा बैलवाला म्हणाला, "वाल्मिक, बैल बदललास का रे?"

दुपारी वैशाखरे गावाकडचा एक माणूस आला. त्याच्या भागात तो बैलांचा मोठा पारखी होता. लोक बैल घेताना त्याला सोबत नेत. त्यानं चांद्याच्या पाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"केस कडक लागतात रे."

"थंडीनं ताठलेत," वाल्मिक म्हणाला.

दोघांचे हात रुमालाखाली गेले. बोटांनी भाव ठरला. कासरा त्याच्या हातात गेला. एकदा कासरा दिला की बैल परत घेत नाहीत, ही जत्रेची रीत. नाव त्यानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही.

नंतर शेतात भाड्याचा ट्रॅक्टर आला, गोठ्यात मोटारसायकल आली. मोटारसायकलला केस नसतात. मी मेढीवरच्या खिळ्याला लटकून गंजत राहिलो.

तिथूनच मी वाल्मिकच्या मुलाला, शेखरला, वाढताना पाहिलं. घरात आरसा होता, पण त्याच्यापुढे उभं राहिलं की आई बोलायची. म्हणून शेखर मोटारसायकलच्या आरशात भांग पाडायचा.

त्याच्या डोक्यावर, शेंडीच्या जागी, दोन भोवरे होते. एक डावीकडे फिरलेला, एक उजवीकडे. मधला झुपका कापणीनंतरच्या भाताच्या धसकटांसारखा उभा. आधी त्याला खोबरेल झालं, मग एरंडेल. एका नटाचे केस कपाळावर पडायचे, तेव्हा यानंही मधोमध भांग पाडला. त्या वर्षी शहापूर तालुक्यातल्या सगळ्या पोरांना मिळून एकच डोकं होतं. मग निळा जेल आला. जेल लावून हा मुरबाडच्या कंपनीत कामाला निघायचा. वाटेतली सगळी धूळ त्या जेलवर बसायची. गेटवर पोचेपर्यंत डोक्यावर पेरणीपुरती माती जमायची.

प्लास्टिकचे कंगवे त्या झुपक्यात दात ठेवून गेले. शेवटी शेखरनं मला खिळ्यावरून काढलं, रॉकेलनं गंज काढला आणि डोक्यावरून ओढलं. माझा अपमान झाला. पण काम मी चोख केलं. घटकाभर केस बसले.

"बैलाचा खरारा डोक्याला?" सकुबाई, त्याची आई, ओरडली. "शिंगं पण रंगवून घे!"

हसायला ठीक होतं. पण डोक्यात दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं लोक म्हणतात. शेखर लग्नाचा झाला आणि मुलीकडचे घर बघायला येऊ लागले. मोठी माणसं आली की खाली वाकून पाया पडायला हवं. वाकलं की टाळू दिसते. जो पोरगा संस्कार दाखवायला वाकला, त्याचंच लग्न मोडायचं. आमच्या शेजारचा एक उद्धट पोरगा कधी वाकला नाही. त्याचं लग्न पहिल्याच बैठकीत जमलं.

दोन स्थळं अशी गेली. तिसरं स्थळ शेखरनंच आणलं. अनिता, वैशाखऱ्याची, त्याच्याच कंपनीत माल भरायच्या खात्यात. दोघांचं ठरलं होतं. तिचा बाप हो म्हणेल का, एवढंच उरलं होतं. शेखर मामाला घेऊन रीतसर मुलगी बघून आला. वाल्मिक तेव्हा तापानं अंथरुणात होता. आता तिचा बाप घर बघायला येणार होता.

"हे पण मोडलं तर मी लगीनच नाय करणार," शेखर म्हणाला. सकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि चुलीवर पेज ठेवली.

फाल्गुनातलं ऊन होतं. पडवीत बसवून तिनं त्याच्या टाळूला पेज चोळली, मला हातात घेतलं आणि केस ओढून बसवले. जीपचा आवाज आला तशी मला खिडकीत टाकून ती आत पळाली.

अनिताचा बाप पदू आणि त्याची बहीण रंभा जीपमधून उतरले आणि पडवीत येऊन बसले. शेखर पदूच्या पाया पडला. पदूनं आशीर्वादाला हात डोक्यावर ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

"केस कडक लागतात रे."

वाल्मिक पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता. हा आवाज ऐकून तो तिथंच थांबला.

"जेल हाय तो," सकुबाई म्हणाली. "आताची पोरं लावतात."

रंभा आत्यानं वाकून वास घेतला. "जेलाला पेजेचा वास कवापासून यायला लागला गो?"

पदूनं मान वळवली. वाल्मिकला पाहिलं. मग खिडकीत मला पाहिलं. माझे दात अजून ओले होते.

"काय रे, हे पण थंडीनं ताठलेत?"

पदूनं वाल्मिकच्या हातातला तांब्या घेतला आणि शेखरच्या डोक्यावर ओतला.

"एकदा न धुता घेतला. आता धुऊनच बघतो."

पेज गालावरून ओघळली. दोन्ही भोवरे वर आले.

"अगो आई, दोन!" रंभा आत्या म्हणाली. "दादा, ऊठ. पोरीला सवत आणतो का?"

पदू उठला नाही. तो वाल्मिकशी बोलू लागला. "नदीवर बैल धुतला तवा गाव उभा होता. पेज निघाली आन भोवरा दिसला. तवापासून मला पेजेवाला म्हणतात. बैल बघायला कोण बोलवत नाय. पोरं हाक मारतात, पेजेवाले, ओ पेजेवाले! मेलो तर तिरडीवर पण वाटीभर ठेवतील."

"बैलानं... बुडवलं का तुमाला?" वाल्मिकनं हळूच विचारलं.

"बैलानं? मरेपर्यंत नांगर ओढला. एक दिवस बसला नाय. त्याचा काय दोष?"

"मग माझा काय दोष?" शेखर म्हणाला. नाकावरून पाणी गळत होतं. "अनिताला म्हायती हाय. रोज बघते ती. ती म्हणली, दोन लग्नं हायत ना, तर दोन्ही माझ्याशीच कर."

रंभा आत्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही निघालं नाही. तिच्या भावानं हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. तो हसला.

"पोरगी माझ्यावर गेली," पदू म्हणाला. मग वाल्मिककडे वळून त्यानं हसू पुसून टाकलं. "एक लगीन तुझ्या दारात. दुसरं वैशाखऱ्यात, माझ्या दारात. तिथं गावाला जेवायला तू वाढायचं. आधी पेज वाढायची. आन प्रत्येक पानाला सांगायचं."

"काय सांगायचं?"

"तुला म्हायती हाय."

वैशाखात दोन लग्नं झाली, तीच मुलगी आणि तोच मुलगा. भटजींनी दुसऱ्या दिवशी तीच मंगलाष्टकं जरा भरभर म्हटली. वैशाखऱ्याला शेखरच्या सामानातून मीही गेलो होतो. सकाळी त्यानं मला बाहेर काढलं, तर अनिता म्हणाली, "राहू दे त्याला. आज उभेच राहू देत केस." तिनं मला मांडवाच्या मेढीला अडकवलं. तिथून मला सगळी पंगत दिसत होती.

वाल्मिकनं धोतर खोचलं, पेजेचं पातेलं घेतलं आणि पहिल्या पानापुढे वाकला.

"ही पेज. अशीच मी बैलाला लावली होती. पदूभाऊंचा हात चुकला नव्हता. त्यांनी विचारलं होतं. मी खोटं बोललो."

मग दुसऱ्या पानापुढे. मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी तेच, तितक्याच आवाजात. आधी पोरं हसली. मग म्हातारी माणसं कान देऊन ऐकू लागली. एका आजोबांनी पुन्हा पेज मागितली. भूक नव्हती, परत ऐकायचं होतं. वाल्मिकनं परत सांगितलं. पंगतीच्या मध्यात कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "तरी मी म्हणत होतो, पदूचा हात चुकायचा नाय." असं तो कधीच म्हणत नव्हता. पण आता म्हणाला.

शेवटच्या पानावर पदू बसला होता. वाल्मिक त्याच्यापुढेही वाकला, पेज वाढली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

पदूनं पेज संपवली. हात धुतला, टॉवेलाला पुसला. मग वाल्मिकच्या पाठीवर तळवा ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"फिटलं," तो म्हणाला.