हामानाच्या नावानं

“यंदा ऱ्हाऊ दे,” मुसाजी म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

मिल्काबाई पुरण वाटत होत्या. “काय ऱ्हाऊ दे?” त्यांनी विचारलं. अर्थात ते मुसाजींना ऐकू गेलं नाही. शिरोलीच्या कारखान्यात कास्टिंगं ठोकता ठोकता त्यांचे कान गेले होते. डावा आधी, उजवा गेल्या पावसाळ्यात. मग बाई समोर आल्या आणि हातानं ‘काय?’ केलं.

“कथा. माझं वाचलेलं माझ्याच कानाला येत न्हाय. आपल्यात कथा ऐकायची असती. शब्द न् शब्द.”

सकाळपासून दोघांना एस्तेर राणीचा उपास होता. कथा ऐकल्याशिवाय तो सुटत नसे. घरात या सणाला पुरीम म्हणत. बाहेर होळीच असायची, तेव्हा पुरणाच्या वासाचा कुणाला संशय येत नसे. दरवर्षी खिडकीची कडी लावून मुसाजी हलक्या आवाजात वाचत. दुष्ट हामानाचं नाव आलं की गोंगाट करायचा असतो, म्हणून मिल्काबाई झाकणावर पळी आपटत. तीही इतकी हळू, की हामानालासुद्धा वाईट वाटू नये.

लपवण्यासारखं काही नव्हतं. इथं राहायला आले तेव्हा “कुठलं पावणं?” असं कुणी विचारलं आणि बाई “कोकणातलं,” म्हणाल्या, एवढंच. मुसाजी या नावावरून शेजारच्या मीरासाबनी ईदला शिरखुर्मा पाठवला. मंगळसूत्र पाहून समोरच्या जैनाच्या अक्काताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. शनिवारी चूल पेटत नाही म्हणून गल्लीनं शनीचा उपास ठरवला. बाईंनी कुणाचंच मन मोडलं नाही. एस्तेरनं तरी राजवाड्यात आपली माणसं कोण ते कुठं सांगितलं होतं, असं त्या स्वतःशी म्हणत.

त्यांनी हात धुतले, फडक्यातली पोथी काढली आणि मुसाजींच्या उजव्या कानाशी बसल्या.

“तू?” मुसाजी म्हणाले.

बाईंनी पहिली ओळ वाचली. मुसाजींनी मान हलवली, नाही. आणखी मोठ्यानं. नाही. तिसऱ्यांदा बाईंनी पंचगंगेच्या पलीकडून म्हैस हाकल्यासारखा आवाज काढला, तेव्हा मुसाजींचं बोट वर झालं.

“हां. आलं.”

आता या आवाजापुढं कडीला काय अर्थ? शिवाय चुलीनं घर तापलं होतं. बाई उठल्या, खिडकीशी जराशा थांबल्या आणि कडी काढली.

बाहेर होळी रचत होते. अक्काताई खिडकीशी आल्या. “काय ओ मिल्काबाई, भांडताय व्हय?”

“न्हाय ओ अक्का. कथा वाचतोय. आमी यहुदी. आमच्या राणीची कथा हाय.”

अक्काताई वळसा घालून दारात आल्या. मग पदर सावरून उंबऱ्यावर बसल्या. “हे आधी सांगायचं न्हाय व्हय? आता पहिल्यापासनं वाचा.”

पहिल्यापासून झालं. हामान आला तेव्हा बाईंनी पळी आपटली. होळीसाठी शेणी घेऊन बाहेर थांबलेल्या मीरासाबनी विचारलं, “ह्यो कोन?”

“वजीर. एका दिवसात आमच्या सगळ्यांस्नी मारायला निघालेला. त्याचं नाव आलं की दंगा करायचा.”

“मग आजचा दिस त्याचाच हाय की,” मीरासाब म्हणाले.

पुढच्या हामानाला अख्ख्या गल्लीनं तोंडावर हात आपटून बोंब ठोकली. मुसाजींनी हात वर केला. त्या दंग्यात नावच बुडालं होतं. बाईंनी परत वाचलं. गल्लीनं परत बोंब मारली. गल्लीला त्याची हौसच आली. शेवटी हामान आपणच उभारलेल्या खांबावर लटकला, तेव्हा अक्काताई “बरं झालं” म्हणून उठल्या.

“पोळी घ्या की, अक्का,” बाई बसक्या आवाजात म्हणाल्या.

“दिवस मावळला की आता, आमी खात न्हाय. सकाळी पाठवा.”

सकाळीच पाठवायची होती. पुरीमला शेजारी द्यायचं ताट दिवसाउजेडीच जायला हवं. पण ते समजावून सांगण्याएवढा बाईंचा आवाज उरला नव्हता.

“देवाचं नाव आलं का ग कुठं?” मुसाजींनी विचारलं. हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. या कथेत देवाचं नाव कुठंच येत नाही.

त्यांना वाटलं, आपण हळू विचारलं. बाहेरून मीरासाब ओरडले, “न्हाय ओ. ध्यान देऊन ऐकलं मी.”

मिल्काबाईंनी मान हलवली. मुसाजी दरवर्षीसारखेच हसले, पोळीवर तूप सोडलं आणि पहिला घास बाईंच्या हातावर ठेवला.

दोघं जेवत होती. बाहेर होळी पेटली आणि कुणीतरी हामानाच्या नावानं आणखी एक बोंब ठोकली. मुसाजींनी जेवता जेवता मान डोलावली, ऐकू आल्यासारखी.