दोन ठोके, एक टाच

माझ्या तोंडात बोळा कोंबलात, आणि वर म्हणता, घर किती शांत आहे!

मी स्लॅब बोलतोय. खालच्या घराचं छत आणि वरच्या घराची जमीन. पूर्वी माझ्यावर फक्त आभाळ होतं, गच्ची म्हणायचे मला. घरातला मुलगा सतरंजी टाकून माझ्या पाठीवर अभ्यास करायचा. जेवायची वेळ झाली की त्याचे वडील कपडे वाळत घालायच्या लांब काठीनं मला खालून दोनदा ठोकायचे. वर मुलगा टाच आपटायचा. म्हणजे, आलो!

"छताला भोक पाडाल एक दिवस," आई करवादायची.

मला लागत नसे. निरोप पोचवणं हे माझं आवडतं काम होतं.

मग मुलगा नोकरीसाठी लांब गेला. आई वारली. वडील आजोबा झाले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला आणि गुडघ्यांनी जिना सोडला. तेव्हा ठरलं, वर मजला चढवायचा आणि सगळ्यांनी एकत्र राहायचं. आराखडा नातीनं काढला. नुकतीच घरं बांधायचं शिकून आलेली, बोलायला लागली की थांबायची नाही.

"आजोबा, एकही नवी वीट आणायची नाही!"

आणली नाहीच. पाडलेल्या इमारतीच्या विटा, भंगारातल्या खिडक्या, पावसाच्या पाण्याची टाकी. मला सगळं पटत होतं. आजही पटतं. शेवटी माझ्या पाठीवर लाकडाच्या भुशाचा जाड थर पसरला, त्यावर जुन्या फळ्या ठोकल्या.

"खाली गार राहील. आणि वर नाचलं तरी तुम्हाला त्रास नाही," नात म्हणाली.

खालचं वर कळेल का, हे कुणी विचारलं नाही.

"बेल बसवू का तुमच्यासाठी?"

"माझ्याच घरात बेल? मी काय दूधवाला आहे?" आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काठी आहे की माझी."

नात हसली. तिला वाटलं, चालायची काठी.

सामान लागलं त्याच संध्याकाळी आजोबांनी पलंगावर बसून ती लांब काठी उचलली. दोन ठोके. भुशानं गिळले. टाच वाजली नाही.

ताट वेळेवर यायचं, गोळ्या वेळेवर मिळायच्या. सून, नात, कुणी कशात कमी पडत नव्हतं. फक्त दुपारी आजोबांना कुणीतरी जवळ येऊन बसावंसं वाटे. ते ठोकत आणि वाट बघत. "ऐकू जातं त्यांना," ते स्वतःशीच म्हणत, "कामात असतील." विचारायला त्यांना कमीपणा वाटे. आणि वर मुलगा बायकोला सांगे, "बाबा हल्ली हाकच मारत नाहीत. रमलेत."

मधे मी. सगळं कळणारा, आणि मुका.

एका रविवारी घर बघायला पाहुणे आले. "उड्या मारून बघा, खाली काही कळत नाही!" नात कौतुकानं म्हणाली. मोठी माणसं हसत उड्या मारू लागली. तेवढ्यात खालून काठी आली. दोन ठोके. पुन्हा दोन. मग कसेही, वेडेवाकडे. मग काठी पडली.

सून ताट घेऊन उतरली तेव्हा सगळं संपलं होतं. "शांतपणे गेले," असं सगळे म्हणाले. तो शब्द मला तेव्हापासून सहन होत नाही.

मजले चढवा. जरूर चढवा. जुन्या विटा वापरा, पाणी साठवा, एकत्र राहा. पण भुसा पसरायच्या आधी खालच्या माणसाला एवढं विचारा, तुम्ही आम्हाला हाक कशी मारता?

काल खाली रंगारी आला. शिडीवर चढून त्यानं माझ्यावरून हात फिरवला. मुलगा शेजारी उभा होता.

"साहेब, पलंगाच्या बरोबर वर हे खड्डे कसले हो? सगळे जोडीजोडीनं."

मुलगा वर बघत राहिला. त्याची टाच जराशी उचलली गेली आणि तशीच राहिली.

रंगाऱ्यानं खड्ड्यांवर अंगठा फिरवला. मग डबा उघडत म्हणाला, "असू दे, असू दे. पुट्टी भरतो. मग काही कळायचं नाही."