नकाशावरचा ठिपका

फोन दुरुस्तीच्या टेबलामागे बसून मी दिवसभर एकच गोष्ट घसा बसेपर्यंत सांगते, की मागेल त्या अ‍ॅपला परवानगी देऊ नका. ऐकतंय कोण? त्या दिवशी शिवणकाम करणाऱ्या मावशी तणतणत आल्या.

"गुडघा दुखतोय असं मशीनवर बसून नुसतं पुटपुटले, तर फोनवर लगेच गुडघ्याच्या तेलाची जाहिरात! मेला कान लावून बसलाय."

मी फोन उघडून पाहिला. विजेरीच्या अ‍ॅपलासुद्धा मावशींचा ठावठिकाणा हवा होता.

"मावशी, या सगळ्यांना परवानगी दिली कोणी?"

"मीच. 'हो' म्हटल्याशिवाय ते पुढेच जात नाही ना!"

तासभर डोकेफोड करून मी एकेक परवानगी काढून घेतली. शेवटी उरला नकाशावरचा ठिपका. मावशी कुठे आहेत, हे तो दूर नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाला दाखवायचा.

"तोही बंद कर," त्या ठसक्यात म्हणाल्या. "आई दिसेनाशी झाली की झक मारत फोन करेल."

आठ दिवसांनी मावशी परत आल्या. फोन टेबलावर ठेवून खुर्चीत टेकल्या.

"सगळं पुन्हा चालू कर."

"का? मुलगा रागावला?"

"त्याला अजून कळलेलंच नाही."

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. पडद्यावर एक मेसेज होता: 'बरेच दिवस दिसला नाहीत, तब्येत बरी आहे ना?'

मेसेज तेलवाल्यांचा होता.