हात कशानं थरथरतात

शालूबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा जोतीराम तालमीत जोडीदार कृष्णाताच्या कंबरेला मिठी घालून उभा होता. निरोप आणणारा गाडीवान राधानगरीकडचा. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. मातीत उतरलेल्या पैलवानाला मधेच हाक मारायची नसते, म्हणून तो सरळ बाबालाल वस्तादांच्या कानाशी लागला. वस्तादांनी ऐकलं, मान हलवली आणि जोतीरामला म्हणाले, पकड पुरी कर. त्यानं पुरी केली. कृष्णात पाठीवर पडला, हसत उठला. मग वस्तादांनी सांगितलं.

मानमोडीच्या तापाच्या साथीत आई आजारी पडली म्हणून शालूबाई, त्याची बायको, तिकडं माहेरी गेली होती. आई वाचली, ही गेली. साथीतलं माणूस कुणी घरात ठेवत नव्हतं. गाडीवान कोल्हापुरात पोचेपर्यंत तिला अग्नी देऊनही झाला होता. जोतीराम अंगावरच्या मातीसकट घरी गेला. त्याची थोरली बहीण, आक्का, चुलीपुढं होती. तो तसा मातीसकट आलेला बघून तिनंच ओळखलं.

सुतकात पैलवान मातीत उतरत नाही. सुतक फिटल्यावर तो उतरला आणि पहिल्याच दिवशी त्याचे हात थरथरायला लागले.

थरथर त्याला नवी नव्हती. अंगानं तो थोराड, पण कुस्तीच्या दिवशी सकाळी त्याला घास जायचा नाही आणि हात थरथरायचे. वस्तादांशिवाय तालमीत हे कुणाला माहीत नव्हतं. शालूबाईनं त्यावर आपल्यापुरता इलाज काढला होता. कोल्हापुरात म्हशी दारात आणून पिळतात आणि पैलवान तिथंच उभ्या उभ्या दूध पितात. शालूबाईही आपली म्हैस घेऊन रोज तालमीच्या दारात यायची. कुस्तीच्या दिवशी मात्र ती धार काढायची चरवी नवऱ्याच्या हातात द्यायची. हात थरथरत असले की म्हैस पान्हा चोरायची. जोतीराम बसून राहायचा, म्हशीच्या पोटाला डोकं टेकायचा, सडांवरनं हात फिरवत राहायचा, आणि कधीतरी हात जरा ठरले की धार लागायची.

"लागली नव्हं?" शालूबाई म्हणायची. "आता जा."

तो जायचा आणि बहुतेक वेळा जिंकून यायचा.

पण तेव्हाची थरथर कुस्तीची असायची. कुस्ती झाली की जायची. आताची पाण्याचा तांब्या उचलताना यायची, पटका बांधताना यायची, समोर कुणीही नसताना यायची. त्याला कळेना, हे भ्याचं आहे का तिचं. भ्याचं असेल तर बैठका वाढवाव्यात, तिचं असेल तर रडून घ्यावं. त्यानं दोन्ही करून बघितलं. एके सकाळी तो म्हशीखाली जाऊन बसला. हात तसेच थरथरत होते, आणि म्हशीनं लगेच पान्हा सोडला. भरल्या चरवीकडं तो बघतच राहिला. आक्का म्हणाली, ती आता माणसाळलीया, दगडालाबी दूध देईल. जोतीरामला हसू आलं नाही. म्हशीचाही आता भरवसा राहिला नव्हता.

बाबालाल वस्तादांना वाटलं, गडी खचला. त्याला एक जिंकलेली कुस्ती पाहिजे. त्यांनी उचगावच्या मैदानात सिकंदर नावाच्या पैलवानाशी त्याची जोड धरली. खडाखडी झाली, धराधरी झाली आणि जोतीरामनं टांग मारायला पाय घातला. पुरा घातलाही नव्हता, तोवर सिकंदर चितपट. लोकांनी पटके उडवले. जोतीराम खाली बघत उभा राहिला. पडणाऱ्या माणसाचं वजन हाताला कळतं. हे वजन आपण होऊन खाली गेलं होतं.

परतताना गाडीत त्यानं विचारलं, "वस्ताद, नुरा हुती?" आधी ठरवून पडायच्या कुस्तीला नुरा म्हणतात.

वस्ताद बैलांकडं बघतच म्हणाले, "व्हय. मीच सांगितलं त्याला."

"का?"

"तुझं काळीज जाग्यावर याया पायजे हुतं की. पोराला औषध गुळात घालून देत्यात, तसं दिलं."

"मग आधीच्या? शालू असतानाच्या?"

"त्या खऱ्या."

"कशावरनं?"

वस्ताद चिडले. "तालमीतल्या पिराची आन घिऊ? मारुतीची बी घेतो. मग तरी पटंल?"

जोतीरामला ते पटलं आणि पटलंही नाही. मागची एकेक कुस्ती आठवून तो वजन चाचपू लागला, पण हातांना काही आठवेना. शालूबाईला यातलं काही ठाऊक होतं का? बायका मैदानात येत नसत. निकाल तिला तोच सांगायचा आणि ती ऐकून घ्यायची. आता विचारायचं कुणाला? वेस जवळ आल्यावर तो म्हणाला, मी पडलो तरी चालंल वस्ताद, पण आपण होऊन न पडणारा माणूस द्या.

वस्तादांनी पेठ वडगावच्या हंबीररावाशी जोड धरली, खासबागेच्या मैदानात. हंबीरराव कुणाचं ऐकून पडणारा नव्हे. लग्नाच्या मांडवात गंमत म्हणून सख्ख्या मेव्हण्याला धरलं, तर त्याचाही खांदा त्यानं निखळवला होता.

त्या सकाळी जोतीराम म्हशीकडं गेला नाही. घासही गेला नाही, आणि तसाच तो मातीत उतरला. सलामीला हंबीररावानं त्याचा हात हातात घेतला आणि भुवया वर केल्या.

"ताप हाय का रं?"

"न्हाय."

"मग भ्यालास?"

"ठाऊक न्हाय."

असं उत्तर हंबीररावाला मैदानात कुणी दिलं नव्हतं. तो जरा घुटमळला. "मला सोडाया न्हाय जमायचं," म्हणाला.

"नगंच सोडू."

कुस्ती लांबली. हात मोकळे झाले की थरथरत, पकडीत गेले की धरून ठेवत. जोतीराम खाली गेला, निसटला, पुन्हा गेला. एकदा हंबीररावाचं सगळं अंग त्याच्यावर आलं. ते वजन खरं होतं. ते दाबत होतं आणि जोतीराम त्याच्याखाली टिकून होता. थरथर गेली नव्हती. तिच्यासकट तो लढत होता. लोक कधी ओरडायचे थांबले ते त्याला कळलं नाही. दिवस मावळायला पंचांनी दोघांना बरोबरीत सोडवलं.

वस्ताद पाठीवरची माती झाडत म्हणाले, "बघ, भ्या न्हवतंच ते."

"मग काय हुतं?"

वस्ताद पुन्हा माती झाडायला लागले. हंबीरराव लांबून बघत होता. जाताना त्यानं हात वर केला.

पुढं वडगावकरांचा निरोप आला, बरोबरी नको, निकाली कुस्ती करू. वस्ताद तोंड उघडायच्या आत जोतीरामनं होकार सांगून टाकला. दिवस ठरलेला नाही. हात अजून थरथरतात. ती कुस्ती व्हायची आहे.