घडीतला भंडारा

लिलावाच्या साईटचे नियम पूनमला तोंडपाठ होते. नियम पाठ असले की माणूस चुकत नाही, असं तिला वाटायचं, बिचारीला. तिचा सासरा हरिबा तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात घरीच मागावर घोंगडी विणायचा आणि ती फोनवर त्यांचा लिलाव लावायची. बोली संपली की गिऱ्हाईक पैसे भरायचं, पण ते साईटकडंच अडकून राहायचे. माल पोचला, गिऱ्हाईक हो म्हणालं, की मगच सुटायचे. हरिबाला ही रीत पहिल्या दिवसापासून पटली होती. बाजारात तोही तेच म्हणायचा, आधी पांघरून बघा, पैशाचं मग बघू.

या खेपेचं घोंगडं मात्र निराळं होतं. त्याचं सूत हरिबाच्या बायकोनं, म्हाळसानं, चातीवर काढलेलं, आणि ते काढून झाल्यावर तिनं अंथरूण धरलं ते धरलंच. जाताना बजावून गेली, "पेटीत घालून ठिवू नगा. कुनाच्या तरी अंगावर जाऊ द्या." म्हाताऱ्यानं ते विणलं, चिंचोक्याची खळ दिली आणि काळजावर दगड ठेवून सुनेच्या हातात दिलं.

हैदराबादच्या एका गृहस्थानं बोली जिंकली. टपालाच्या खिडकीवर पूनमनं काटकसर केली नाही. साधं पार्सल स्वस्त पडत होतं, पण त्याला ना नंबर, ना घेणाऱ्याची सही. उद्या तो माणूस मिळालं नाही म्हणाला तर दाखवायचं काय? तिनं नंबराचं, सहीचं, वर विमा उतरवलेलं टपाल घेतलं आणि निर्धास्त झाली.

घरी काय झालं होतं ते तिला कुठं ठाऊक. ती दोरा आणायला आत गेली तेवढ्यात हरिबानं घडी उलगडून बिरोबाचा भंडारा आत टाकला होता. चिमूटभर नव्हे, चांगला मूठभर. लेकीला सासरी धाडताना कुणी रिकाम्या ओटीनं धाडतं का?

तिकडं त्या माणसानं घोंगडं पांढऱ्या चादरीवर उघडलं. चादर पिवळी, घोंगड्याचा पांढरा काठ पिवळा. फोटोसकट तक्रार आली, 'माल वर्णनाप्रमाणे नाही.' पैसे अडकले. साईटनं पूनमला एकच विचारलं, ही पूड पार्सलमध्ये तुम्ही घातली होती का? फोटो बघताच हरिबानं सांगून टाकलं, भंडारा त्यानंच घातला होता.

तिचा नवरा बिरदेव रांजणगावच्या कंपनीतून नुकताच आला होता. तो बूट काढता काढता म्हणाला, "न्हाई म्हनून टाक. वाटंत दुसऱ्या पार्सलातनं सांडली म्हन. विमा हाय की. त्याचं त्याला मिळंल, आपलं आपल्याला."

पूनमचं बोट 'नाही'वर गेलंही होतं.

"पोरी," हरिबा मागाच्या खड्ड्यातून म्हणाला, "आपल्यात खरं-खोटं करायचं तर बेलभंडारा उचलून शपथ घेत्यात. आन् तू भंडाराच टाकला न्हाई म्हनतीस?"

तिला लाज वाटली. तिनं 'हो' दाबलं आणि खाली सगळं खरंखरं लिहिलं. साईटनं सांगितलं, गिऱ्हाइकानं माल परत धाडावा, पोचला की त्याचे पैसे त्याला. धंद्याला बट्टा लागला तो लागलाच. पण घरात कुणाचं तोंड उतरलं नाही. म्हातारीचं घोंगडं माघारी येणार होतं. हरिबानं आतल्या खोलीतली खुंटी मोकळी केली. "आपन पाठवलं व्हतं. त्याचं तेच माघारी आलं तर म्हाळसा रागवायची न्हाई," असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि रोज पूनमला विचारायला लागला, कुठवर आलं?

नंबर असता तर तिनं सांगितलं असतं. त्या माणसानं टपालाचा खर्च वाचवायला घोंगडं पुण्याच्या ट्रॅव्हल्स गाडीच्या क्लीनरकडं दिलं होतं. फोनवर म्हणाला, "यवत के ढाबे पे उतार देगा, ले लेना."

पूनम आणि हरिबा सकाळीच यवतला जाऊन बसले. म्हाताऱ्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, पाहुण्याला घ्यायला आल्यासारखं. गाडी आली, माणसं चहाला उतरली. क्लीनरनं डिकी उघडून दाखवली. पोती होती, टीव्हीचं खोकं होतं, घोंगडं नव्हतं. "मैं तो आज ही चढा हूँ, अम्मा. पहलेवाला छुट्टी पे गया." पहिल्याचा फोन बंद. पूनमनं ढाब्याच्या गल्ल्यावर विचारलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारलं. हरिबा एकेका पोत्याला हात लावून बघत होता. गाडी निघून गेली तरी तो रस्त्याकडंच तोंड करून उभा होता.

पुढं किती चौकश्या केल्या, सगळ्या वाया. मग एक दिवस साईटचा निरोप आला. माल परत धाडल्याचा पुरावा गिऱ्हाइकाकडं नाही, सबब निकाल तुमच्या बाजूनं. पैसे खात्यात जमा. पूनमला आनंद व्हायला हवा होता. नियमानं ती जिंकली होती. तिनं मागाशी जाऊन सासऱ्याला निरोप वाचून दाखवला.

हरिबानं हातातला धोटा खाली ठेवला. "म्हंजी पैसं आपल्याला मिळालं?"

"व्हय, मामा."

"त्या मानसाला घोंगडं न्हाई, पैसं बी न्हाई?"

"न्हाई."

"त्याचं त्याला धाडून दे," हरिबा म्हणाला. पूनमनं तिथंच उभं राहून पैसे परत केले. मग त्यानं वर पाहिलं आणि लहान लेकरानं विचारावं तसं विचारलं, "पूनम, आता ते कुनाच्या अंगावर असंल गं?"

कुणाच्या तरी असेल, मामा, एवढंच म्हणायचं होतं. पण हरिबा शपथेचा म्हणाला होता तो भंडारा तिथंच मागाजवळच्या डबीत होता, आणि ठाऊक नसताना तिला खोटं बोलवेना.