सृष्टीचे तीन किलो

मी एक जुना वजनकाटा आहे. सुमित्राबाईंनी मला दिल्लीच्या करोल बागेतून आणलं तेव्हा त्यांचा हिशेब सोपा होता: सुनेचे पाच किलो जातील, घरात एक नातू येईल. तोट्याचा सौदा करणारी बाई नव्हेच ती.

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये न्हाणीघराच्या दाराशी मला ठेवलं. सून संपदा हिला पीसीओएस होतं. म्हणजे, मित्रांनो, शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बिघडतो, पाळी महिनोन्महिने येत नाही, वजन चढतं ते उतरता उतरत नाही. तिला आठ वर्षांची एक मुलगी होती, सृष्टी. पण सुमित्राबाईंचं एकावर भागत नव्हतं. थोडं वजन उतरलं तर बरं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बाकीचे उपचार कपाटातल्या फायलीत गेले, तेवढं वाक्य बाहेर राहिलं.

दर रविवारी संपदा सगळ्यांसमोर माझ्यावर चढे. सुमित्राबाई चष्मा सावरून आकडा कॅलेंडरवर लिहीत. मग कूस उजवावी म्हणून डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवत, आणि पुढच्या रविवारी त्याच लाडवाचा जाब तिला विचारत.

"पुन्हा तेवढंच? चोरून खातेस की काय गं?"

"नाही, आई."

तिचा नवरा नचिकेत पेपराआडून म्हणे, "चलो, नेक्स्ट संडे."

एका रविवारी संपदा न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ बसली. बाहेर सृष्टी माझ्यावर चढली.

"आजी, मम्मीचे नाही उतरत ना? तो मेरे ले लो. माझे पाच किलो चालतील?"

"लबाड कुठली," सुमित्राबाई हसल्या आणि विसरल्या.

सृष्टी विसरली नाही. डबा ती शाळेच्या बसमध्ये वाटून टाकी आणि घरी आली की दप्तर उतरवून माझ्यावर उभी राही. माझा काटा खाली सरकत होता. मला आकडा दाखवता येतो, हाक मारता येत नाही.

मग शाळेतून फोन आला. प्रार्थनेला उभी असताना पोरगी कोसळली होती. डबा रोज वाटून टाकते, हेही तेव्हाच कळलं.

त्या संध्याकाळी सृष्टीला घरी आणून निजवल्यावर संपदाने मला बाल्कनीत कूलरमागे टाकलं. "मला ही एकच पुरे होती, आई," ती म्हणाली. "विचारलं कुणी?"

मी आता तिथेच गंजतो आहे. मित्रांनो, कुणाला माझ्यावर उभं करण्याआधी त्याला काय हवंय तेवढं विचारत जा.

शेवटचा आकडा सांगतो. संपदाचा दीड किलो गेला, सृष्टीचे तीन. नातू आला नाही. सुमित्राबाई आणि नचिकेत माझ्यावर कधी चढलेच नाहीत, तेव्हा त्यांचं काय गेलं, त्याची नोंद माझ्यापाशी नाही.