डावा पुठ्ठा

निवृत्त झालेली माणसं बागकाम करतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. आजोबांनी मात्र मधल्या खोलीत विमान बसवायचा घाट घातला. खरं नव्हे, घरबसल्या उडवायचं सिम्युलेटर: एक खुर्ची, हातात सुकाणू, समोर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पडदा. उभं आयुष्य विमानांच्या दुरुस्तीत गेलं. त्यांच्या सहीशिवाय विमान हलत नसे, पण उडवायला कधी मिळालं नाही. ती हौस आता फेडून घ्यायची होती.

पडदे मागवण्याआधी जागा ठरवायची म्हणून त्यांनी फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे कापले. ते धरायला अर्थातच आजी. नातीला शाळेतून आणायची वेळ होत आली होती, गाडीची किल्ली खिशात होती, तरी 'एवढं उरकूनच जातो' हे चाललेलंच होतं.

"मी नाकासमोर बघतो," आजोबा खुर्चीत बसत म्हणाले. "तू पुठ्ठा मागून हळूहळू पुढे आण. कडा दिसली की थांब म्हणेन. तिथे खडूने खूण कर."

उजवीकडे पुठ्ठा खांद्याच्या जरा पुढे येताच ते "थांब" म्हणाले. खूण करून आजी डावीकडे गेली. पुठ्ठा खांद्यापाशी आला, कानापुढे सरकला, गालापुढे गेला. आजोबा गप्पच.

"अगं, आण की पुढे."

"आणतेय."

"कुठे? झोप लागली का उभ्या उभ्या?"

पुठ्ठा नाकासमोर यायला बोटभर उरलं, तेव्हा कुठे ते "थांब" म्हणाले. तिने पुठ्ठा खाली ठेवला आणि त्यांच्या डाव्या गालाजवळ नुसती बोटं हलवली.

"किती बोटं आहेत?"

"कसली बोटं?"

मग त्यांनी मान वळवली. तिचा हात बघितला, तिचा चेहरा बघितला, आणि ताडकन उठले. "डावा पडदा नकोच मग. दोन पुरतील. चल, उशीर होतोय मला."

आजी दारात जाऊन उभी राहिली. "किल्ली द्या."

"तुला कुठे गाडी येते?"

"टॅक्सीने जाऊ."

"काहीतरीच काय! रोज आणतो मी तिला. डोळे मिटून आणेन."

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. आजीला गाडीची डावी बाजू आठवली. दोनदा घासली होती. दोन्ही वेळा यांनी शेजाऱ्याच्या नावाने शंख केला होता आणि तिनेही यांची री ओढली होती. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. त्याच बाजूला नात बसते.

"सरक," आजोबा म्हणाले. असा आवाज त्यांनी घरात कधी लावला नव्हता. "पोरगी वाट बघत असेल."

"डोळ्याचं आहे की डोक्याचं, ते डॉक्टर बघतील. मला त्यातलं कळत नाही. पण एवढं सांगा, असं विमान तुम्ही सोडलं असतं?"

याहून बारीकसारीक दोषांसाठी त्यांनी विमानं अडवली होती. पायलट अंगावर धावून आले तरी ते हटले नव्हते. ते किस्से ऐकून घरादाराचे कान किटले होते. आता मात्र त्यांना तिच्याकडे बघवेना.

"नसतं सोडलं," ते म्हणाले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

दोघं टॅक्सीने शाळेपाशी पोचले. शाळा नुकतीच सुटली होती. आजोबा फाटकासमोर उभे राहून गर्दीत नातीला शोधू लागले, आजी टॅक्सीवाल्याला थांबायला सांगून मागून आली. नात आधीच बाहेर आली होती. आजोबांच्या डाव्या हाताला अगदी खेटून, तोंड दाबून हसत उभी होती. ते समोर फाटकाकडेच बघत राहिले. काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागली होती.

शेवटी तिने शर्ट ओढला. ते दचकले.

"आजी, आमचा रोजचा खेळ आहे हा," नात खिदळत म्हणाली. "मी इथे उभी राहते आणि आजोबा मी न दिसल्याचं नाटक करतात. रस्ता ओलांडतानासुद्धा करतात."

आजोबांनी तिचा हात धरला. "दुखतंय," ती म्हणाली, तरी सोडला नाही.